दहापैकी चार

उजव्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, पाच ठिपके होते. मिठाच्या बारीक कणाएवढे, निळसर पांढरे, प्रत्येकाभोवती लाल कडा. डाव्या बाजूला तीन. दुधाची साय चिकटली असती तर ती पुसली गेली असती. मी चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच पुसून पाहिलं. ठिपके जागचे हलले नाहीत.

"आआ, आआं?" भिंगरी म्हणाली. तोंड उघडं ठेवूनच तिने 'आत्या, झालं?' असं विचारलं होतं.

"झालं. मीट आता."

विजेरी माझ्या भावाने धरली होती. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या घरातली विजेरी आमच्या कार्यालयातल्या सगळ्या दिव्यांपेक्षा चांगली. त्याने ती विझवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"गोवर आहे," मी म्हणाले. "उद्यापर्यंत अंगावर पुरळ दिसेल."

भिंगरी चार वर्षांची. एका जागी कधी स्थिर नसते म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि खिडकीतला उजेड नको म्हणत होती. भावजय तिच्या कपाळावर ओलं फडकं बदलत होती. दाराच्या उंबऱ्याशी गुट्टू, भिंगरीचा धाकटा भाऊ, डब्याचं झाकण चावत बसला होता. तो दहा महिन्यांचा होता.

"हा कधी आला आजीकडून?" मी विचारलं. भावजयीची कामाची पाळी बदलली होती, म्हणून दहा दिवस तो तिच्या आईकडे होता.

"काल. पाच वाजले होते," भावजय म्हणाली. "का?"

मी घड्याळ पाहिलं. सोमवार, तीन वाजून दहा मिनिटं. गोवराच्या माणसाशी संपर्क आल्यापासून बहात्तर तासांच्या आत लस दिली, तर ती पुष्कळदा रोगाच्या आधी पोचते. नेहमीच नाही, पण पुष्कळदा. काल पाच म्हणजे बुधवारी पाच. मी हे दोघांना सांगितलं. गुट्टूलाही अजून गोवराची लस दिलेली नव्हती.

"आजच नेऊ या त्याला," मी म्हणाले.

"आज?" भाऊ म्हणाला. "एकीला एकशे तीन ताप, आणि दुसऱ्याला धरून सुई? दोघं एकदम तापली तर मी कोणाला सांभाळू?"

"लशीचा ताप आठवड्याने येतो. आणि आलाच तर—"

"बघू, ताई."

माझ्या भावाचं 'बघू' म्हणजे टाळाटाळ नव्हे. तो खरोखरच बघत असतो, एखादा खिळा तीनदा तपासणाऱ्या माणसासारखा. भिंगरी नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिला सर्दी होती, म्हणून गोवराची लस पुढे गेली. ती वर्षाची असताना साध्या तापात तिला एकदा झटका आला. डोळे वर गेले, हात ताठ झाले, दोन मिनिटांत सगळं संपलं. पण ती दोन मिनिटं भावाच्या मांडीवर गेली होती. पुढे दवाखान्यातल्या पत्रकात त्याने 'लशीनंतर ताप येऊ शकतो' हे वाक्य वाचलं आणि तो माझ्याकडे आला.

"तापात झटका येऊ शकतो का?" त्याने विचारलं होतं.

"तीन-चार हजारांत एखाद्या मुलाला."

"ती एखादी आमची नसेल, असं लिहून देतेस?"

ते मी लिहून देऊ शकत नव्हते. कोणीच देऊ शकलं नसतं. तेव्हा तो म्हणाला होता, "आमच्या धंद्यात एक नियम आहे. खात्री नसेल तर लिफ्ट बंद ठेवायची. बंद लिफ्टमध्ये कोणी मरत नाही, ताई. चालू लिफ्टमध्ये मरतात."

तीन वर्षं लिफ्ट बंद होती.

*

मी काय काम करते हे घरी कोणालाच नीट माहीत नव्हतं. आरोग्य कार्यालयात आकडे जुळवते, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते खोटं नव्हतं. साहेबही मला 'आकडेवाली' म्हणत. पण गेली चार वर्षं मी पालकांच्या फोनवर जाणारे संदेशही लिहीत होते.

संदेश पाठवण्याआधी तो दहा पालकांना वाचून दाखवायचा आणि त्यांना तो समजला का, आवडला का, हे एका फॉर्मवर भरायचं, अशी पद्धत होती. दहा पालक आणायचे कुठून? आमचं कार्यालय रुग्णालयाच्याच आवारात. तळमजल्यावर लसीकरणाची खोली, खोलीबाहेर लांब बाक, आणि बाकावर मुलांना मांडीवर घेऊन बसलेले पालक. आयतेच. वीस मिनिटांत फॉर्म भरून होई.

दोन महिन्यांपूर्वी गोवराच्या लशीचं प्रमाण घसरून साठ टक्क्यांवर आलं.

"लोकांना थोडी भीती घाल, पण प्रेमाने," साहेब म्हणाले. "आणि आकडा खरा टाक. तुझ्याकडे आकड्यांना काय तोटा?"

मी तीन दिवस वाक्यं लिहून खोडली. शेवटी हा मजकूर ठरला: 'आपल्या भागात दहापैकी चार मुलांना अजून गोवराची लस मिळालेली नाही. आपले मूल त्या चारांत नको. आजच लस द्या.' मला तो आवडला होता. त्यात खोटं काही नव्हतं, मोठा शब्द नव्हता, आणि आकडा बोटांवर मोजता येत होता.

बाकावर मी तो दहा जणांना वाचून दाखवला. एका आजोबांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि मान हलवली. जुळ्या मुलांची एक आई मात्र फटकळ होती.

"चार?" ती म्हणाली. "मग त्या चारांच्या आयांना सांगा ना, बाई! आम्हाला काय सांगता? आम्ही आलोय की!"

सगळे हसले. मीही हसले, आणि तिच्या नावापुढे 'संदेश समजला' असं लिहिलं. फॉर्मच्या तळाशी सही केली. संदेश अडतीस हजार फोनवर गेला.

त्याआधी आठवड्याला साधारण चारशे मुलं लशीला येत. पुढच्या आठवड्यात तीनशे सत्तर आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीनशे चाळीस.

"शाळांना सुट्ट्या लागल्यात," साहेब म्हणाले. "लोक गावाला गेले."

नऊ महिन्यांच्या मुलांना कसली शाळा आणि कसली सुट्टी? मी बोलले नाही. तो संदेश मागे घ्यावा, असं एक दीड पानी टिपण तयार केलं आणि खणात ठेवलं. म्हटलं, आणखी एका आठवड्याचे आकडे येऊ देत, मग खात्रीने बोलता येईल. मग आणखी एक आठवडा. खात्री नसेल तर हात लावायचा नाही, हा नियम आमच्या घरात फक्त भावानेच घेतलेला नव्हता. टिपण सहा आठवडे खणात होतं.

*

मंगळवारी सकाळी भिंगरीच्या कानामागून पुरळ उतरू लागलं आणि दुपारपर्यंत छातीवर आलं. मी तिचा श्वास मोजला. मिनिटाला चोपन्न. फासळ्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. आम्ही तिला रुग्णालयात नेलं.

तिसऱ्या मजल्यावर गोवराचा वेगळा कक्ष केला होता. सहा खाटा, त्यांतल्या पाच भरलेल्या. भिंगरीची सहावी. मुलाजवळ एकच माणूस थांबू शकत होतं, म्हणून भावजय आत बसली. भाऊ गुट्टूला घेऊन बाहेरच्या जिन्यापाशी. गुट्टूला ठेवायला आता दुसरं घर नव्हतं. त्याच्या आजीच्या शेजारी एक तान्हं बाळ होतं, त्याला धोका नको होता.

"फुफ्फुसात उतरलंय," डॉक्टर दारात येऊन भावाला म्हणाली. ती तरुण होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "ऑक्सिजन लावलाय. दोन दिवस महत्त्वाचे. हा तिचा लहान भाऊ ना? त्याला लस दिली का?"

"बघतोय," भाऊ म्हणाला.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत पुढच्या खाटेकडे गेली.

जिन्याच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. गुट्टू माझ्या ओळखपत्राची दोरी ओढत होता. भावाने गुट्टूच्या पायातला मोजा वर ओढला. मग म्हणाला, "खरं सांगू का, मी नेणार होतो तिला."

"कधी?"

"दोन महिन्यांपूर्वी. शाळेत नाव घालायचं म्हणून. मनाचा हिय्या केला एकदाचा. शुक्रवारची रजासुद्धा टाकली होती." त्याने खिशातून फोन काढला. "आणि बुधवारी हा आला."

त्याने तो संदेश जपून ठेवला होता. त्याने तो मला वाचून दाखवला, मी बाकावर वाचला होता तसाच, सावकाश.

"दहापैकी चार," तो म्हणाला. "आमच्या मजल्यावर दहा घरं आहेत. म्हणजे चार घरं आपल्यासारखी. मी म्हटलं, च्यायला, मला वाटत होतं मी एकटाच भित्रा. रोज मान खाली घालून फिरत होतो! आणि चारही घरांतली पोरं जिन्यात धडधड उड्या मारताहेत, एकाला काही झालेलं नाही. मग आपलीच काय घाई? रजा रद्द केली. इतकं हलकं वाटलं ना त्या दिवशी."

मी दोरी गुट्टूच्या तोंडातून काढून घेतली.

"कोणीतरी मोठ्या शहाण्याने लिहिलं असेल," भाऊ म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि त्याचं कारण मला नेमकं ठाऊक आहे. सांगितलं तर तो माझं काहीच ऐकणार नाही, गुट्टूचं तर नाहीच, आणि हातात सत्तावीस तास उरले आहेत, असा हिशेब मी केला. कोणत्या शब्दांनी माणूस हलेल आणि कोणत्या शब्दांनी अडून बसेल, हे ताडून पाहणं हाच माझा धंदा होता. मी तो जिन्यावर चालू ठेवला.

"न दिल्याने जे गमावशील," मी म्हणाले, "ते दिल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा कितीतरी मोठं आहे."

"हं."

"आज सकाळपासून खाली नव्वद मुलांना लस दिलीये. बहुतेक आईबाप देतातच."

"हं."

"तू इतकी काळजी घेणारा बाप आहेस. काळजी घेणारे बाप—"

"वन्सं."

भावजय पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती. ती मला एरवी ताई म्हणते. 'वन्सं' म्हटलं की समजायचं, बाई चिडली आहे. वीज कंपनीच्या तक्रारकेंद्रात ती दिवसभर फोन घेते.

"आमच्याकडे फोन आला की समोर एक कागद असतो," ती म्हणाली. "पहिलं वाक्य, आपला त्रास आम्ही समजू शकतो. दुसरं, आपल्यासारखे ग्राहक आमच्यासाठी मोलाचे आहेत. मग नावाने हाक मारायची. माणसाच्या घरात दोन दिवस अंधार असतो, आणि मी त्याला तो कागद वाचून दाखवते. तुम्ही मघापासून तो कागद वाचताय."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मला तो झोपेतही पाठ आहे."

"मग तू सांग त्याला. तुझंही मूल आहे. तू हो म्हटलंस तरी लस मिळेल."

तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मला विचाराल तर आत्ता टोचा. पण मी एकटीने ठरवायचं आणि त्यालाही झटका आला, तर? हा तोंडाने काही बोलणार नाही. नुसता बघेल माझ्याकडे. जन्मभर बघेल. मला नाही झेपायचं ते. त्याने सांगू दे."

भाऊ खाली पायरीकडे पाहत होता. "मी इथेच बसलोय," तो म्हणाला. "माझ्याविषयी बोलताय तर माझ्याशी बोला."

"बोलले की," ती म्हणाली. "तीन वर्षं बोलतेय." आणि आत गेली.

*

बुधवारी सव्वाबाराला भिंगरीला झटका आला.

मी कक्षाच्या दाराच्या काचेतून पाहिला. तिचा डावा हात आधी हलू लागला, मग सगळं अंग. भावजयीची ओरड काचेतून ऐकू आली नाही, तिचं तोंड फक्त दिसलं. नर्सने मुलीला कुशीवर वळवलं. डॉक्टर आली. मी घड्याळाकडे पाहत होते, ती माझी सवय आहे. सहा मिनिटं. थांबला, आणि वीस मिनिटांनी पुन्हा आला. दुसऱ्यांदा औषध द्यावं लागलं. त्यानंतर भिंगरी हाकेला ओ देईना.

"मेंदूला सूज असू शकते," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली. "आत्ताच काही सांगता येत नाही. उद्या तपासणी करू."

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. गुट्टू त्याच्या खांद्यावर झोपला होता. ज्या झटक्याला भिऊन त्याने तीन वर्षं मुलीला लशीपासून लांब ठेवलं, तोच झटका तिला लशीवाचून आला होता. हे वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार झालं. नेमक्या त्या क्षणी ते बोलले असते तर परिणाम झाला असता, याविषयी मला शंका नव्हती. मी इतकी वर्षं संदेश लिहिले, पण इतकं धारदार वाक्य मला कधी सापडलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

तीन वाजता साहेबांचा फोन आला.

"आकडेवाली, कुठे आहेस? साथ जाहीर झाली. पाचपर्यंत नवा संदेश हवाय वरती. दोनच ओळी लिही. खाली बाकावर दहा जणांना वाचून फॉर्म जोडून दे."

मी साहेबांना घरचं काही सांगितलेलं नव्हतं. मी खाली गेले.

बाक भरला होता. लोक भिंतीला टेकूनही उभे होते. लसीकरणाच्या नर्सबाई, ज्यांना सगळे नुसतं 'सिस्टर' म्हणतात, एका रडणाऱ्या पोराला म्हणत होत्या, "अरे, तू रडतोस की गातोस? सूर तरी धर." पोराचा बाप ओशाळून हसत होता. एक आई बाळाची बाही आधीच दुमडून बसली होती. माझी पेन्सिल, फॉर्म, दहा चौकोन. मी पहिल्या बाईसमोर उभी राहिले. तिने मान वर केली आणि ऐकायला तयार झाली, कारण ती तयारच होती. ती आली होती. इथे बसलेला प्रत्येक जण आला होता. माझा कोणताही संदेश त्यांना समजला असता, कोणताही आवडला असता. चार वर्षं मी ज्यांना विचारत होते, त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतंच. हे मला एका फटकळ बाईने तोंडावर सांगितलं होतं आणि मी ते फॉर्ममध्ये भरलं होतं.

मी साहेबांना फोन लावला.

"बाकावर विचारून उपयोग नाही," मी म्हणाले.

"मग कोणाला विचारणार?"

"जे आले नाहीत त्यांना."

"आले नाहीत ते सापडणार कुठे, बाई? आलेच नाहीत ना!"

"एक जण वर तिसऱ्या मजल्यावर आहे," मी म्हणाले, आणि फोन बंद केला.

सिस्टरना मी विचारलं, "गोवराचा डोस शिल्लक आहे? माझ्या भाच्यासाठी."

"बाकावरच्यांना पुरून एक. साडेबाराला कुपी फोडलीय, चार तासांत वापरायची. साडेचारला टाकून देणार. नवी फोडत नाही मी आता, उद्यासाठी दोनच उरल्यात." त्यांनी माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं. "तुमच्याच ऑफिसने सांगितलंय तसं."

तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. जिना चढताना मी एकही वाक्य ठरवलं नाही.

"तो मेसेज मी लिहिला," मी भावाला म्हणाले.

"कुठला?"

"दहापैकी चारचा."

त्याला क्षणभर काही कळलं नाही. "तू तर आकडे जुळवतेस."

"आकडेही जुळवते. वाक्यंही लिहिते."

त्याने गुट्टूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "काल मी तुला तो इथे वाचून दाखवला. या पायरीवर."

"हो."

"आणि तू पोराच्या तोंडातली दोरी काढत बसलीस."

"हो."

"का?"

"सांगितलं असतं तर तू गुट्टूला नेलं नसतंस, असं वाटलं."

"म्हणजे काल दिवसभर तू माझ्यावर पण तेच करत होतीस. हे बोललं तर हलतो का, ते बोललं तर हलतो का."

"हो."

तो हसला. तसं हसणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "किती घरांना पाठवलास?"

"अडतीस हजार."

"शाब्बास. आणि पाठवायच्या आधी कोणाला दाखवला होता का?"

"दहा जणांना. खाली. लस घ्यायला आलेल्यांना."

"लस घ्यायला आलेल्यांना," तो म्हणाला. "जो लिफ्टमधून सुखरूप उतरला त्याला विचारायचं, लिफ्ट कशी आहे. हे आमच्याकडचा नवशिक्यासुद्धा करत नाही, ताई! तू एवढी शिकलीस."

मी ओळखपत्राची दोरी बोटाभोवती गुंडाळली.

"आमच्यात पट्टा तुटला तर तो कोणी बसवला त्याचं नाव वहीत असतं. तुमच्यात काय असतं?"

"फॉर्मवर माझी सही आहे. चुकतंय हे मला नंतर दिसलं. संदेश मागे घ्या म्हणून टिपण लिहिलं. ते सहा आठवडे खणात आहे."

कक्षाचं दार उघडलं. भावजय दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं ते कळत नव्हतं. नवऱ्याला म्हणाली, "अजून डोळे उघडत नाही रे." आणि दार लावून घेतलं.

भाऊ बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिला. चारला दहा कमी होते. वेळ थोडा उरलाय हे मी त्याला सांगितलं नाही, त्याला घड्याळ दिसत होतं.

"मी विचारतो, त्याचं उत्तर दे," तो म्हणाला. "फिरवायचं नाही. गोड करायचं नाही."

"विचार."

"याला आज लस दिली तर ताप येईल?"

"येऊ शकतो. सहाव्या ते बाराव्या दिवसात कधीतरी."

"झटका?"

"येऊ शकतो. बहिणीला तापात येऊन गेलाय, म्हणून याला इतरांपेक्षा थोडी जास्त शक्यता. तरीही फार कमी."

"नाही दिली तर?"

"एका घरात राहतात. जवळजवळ नक्की गोवर होईल."

"आणि मग हिच्यासारखं?"

"होईलच असं नाही. होऊ शकतं. तो लहान आहे, म्हणून भीती जास्त."

"आणि आज दिली की गोवर होणार नाही?"

"माहीत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पाच वाजता तीन दिवस पूर्ण होतात," मी म्हणाले. "आपण अगदी टोकाला आलोय. दिली तरी होऊ शकतो. मला खरंच माहीत नाही."

"असं मेसेजमध्ये लिहितेस कधी? माहीत नाही म्हणून?"

"नाही. कोणी पाठवू देणार नाही. आणि मी कधी पाठवायला दिलंही नाही."

गुट्टू जागा झाला आणि रडायला लागला. त्याला भूक लागली असावी. भावाने त्याचं नाक स्वतःच्या बाहीला पुसलं, त्याला सरळ धरलं आणि जिना उतरू लागला. मला ये म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही. मी चार पायऱ्या मागून उतरत गेले.

बाक आता रिकामा होत आला होता. सिस्टर कापूस आवरत होत्या.

"हाच का तो?" त्या गुट्टूला म्हणाल्या. "केव्हाची वाट पाहतेय तुझी. वय?"

"दहा महिने," भाऊ म्हणाला.

"आज ताप, जुलाब काही? नाही. बसा." त्यांनी कुपीतलं उरलेलं औषध सुईत ओढलं आणि उजेडाकडे धरून बुडबुडा वर आणला. "बाप का तुम्ही? द्यायची ना लस?"

भावाने मान हलवली.

"तोंडाने सांगा. मान हलवलेली चालत नाही मला. नंतर लोक येतात भांडायला, आम्ही कुठे हो म्हटलं होतं म्हणून."

भावाने गुट्टूला मांडीवर घट्ट धरलं. गुट्टूचा दंड त्याच्या मुठीत होता. सिस्टर सुई धरून थांबल्या. एवढा वेळ त्या कोणासाठी थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी दाराच्या आत, भिंतीशी उभी होते. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"ताई," तो मागे न वळता म्हणाला, "तू बाहेर थांब."

मी बाहेर गेले. दार पूर्ण लागलं नाही, फटीतून त्याचा खांदा आणि गुट्टूचा एक पाय दिसत होता.

"द्या," तो आत म्हणाला. "द्या लस. मी धरलंय त्याला."